गॅस लेझरने डोळे जात नाहीत?

विसर्जन मिरवणुकीच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय: 'जुना गॅस लेझर थंड असतो, डोळ्यांना काही होत नाही, पडदा जाळतो तो नवा सॉलिड-स्टेट.' हे खरं नाही. (गॅस लेझरमध्ये किरण नळीतल्या वायूतून निघतो, सॉलिड-स्टेटमध्ये घन स्फटिकातून.)

मधुमेही रुग्णांच्या डोळ्याच्या पडद्यावर डॉक्टर वर्षानुवर्षं ज्या लेझरने मुद्दाम बारीक डाग देत आले, तो आर्गॉन. म्हणजे गॅसच! त्याच्या हिरव्या किरणाची तरंगलांबी (रंग ठरवणारं माप) ५१४ नॅनोमीटर, सॉलिड-स्टेटची सहसा ५३२. पडद्याला हा फरक कळत नाही. इजा ठरते ती शक्तीवर, किरण डोळ्यावर किती वेळ थांबला यावर. म्हणून तो गर्दीच्या डोक्यावरूनच जायला हवा, मशीन कुठलंही असो.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूची. स्वस्तातल्या हिरव्या सॉलिड-स्टेटमध्ये फिल्टर नसेल, तर १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेडही बाहेर पडतो. तो दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही.

बाकी गॅस लेझर मागे पडला तो सुरक्षेपायी नव्हे. मोठ्या शोच्या मशीनला काही वॅट प्रकाशासाठी कित्येक किलोवॅट वीज, थ्री-फेज जोडणी आणि थंड ठेवायला वाहतं पाणी लागायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हे कुठं बसवणार?