ट्रंकेतली अमेरिकन नोट आणि लाखांचा मेसेज

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून फिरत फिरत आलेला मेसेज असा: ‘जुन्या गावबँकेची नोट सापडली तर जपा. बँक बुडाली म्हणून ती चलनात नाही, पण नोट जितकी जुनी तितकी महाग. लाखो मिळतात!’ लिहिणाऱ्याने अशी एक तरी नोट हातात धरली असेल का, शंकाच आहे.

‘बँक बुडाली म्हणून चलनात नाही.’ राष्ट्रीय बँकांच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या परवान्यावर चाललेल्या गावोगावच्या बँकांच्या, नोटांना हे लागू नाही. १८६३ ते १९३५ या काळात या बँकांना नोटा काढायच्या तर सरकारी रोखे वॉशिंग्टनला तारण ठेवावे लागत. बँक बुडाली तरी नोटेचे पैसे मिळत. आजही वीस डॉलरची ती नोट वीस डॉलरला चालते (चालवायला मात्र जाऊ नका). राज्यांच्या परवान्यावरच्या त्याआधीच्या बँकांचं वेगळं. त्यांच्या नोटांना आता विचारतो तो फक्त संग्राहक.

‘जितकी जुनी तितकी महाग.’ सगळी गफलत इथे आहे. न्यू ऑर्लीन्सच्या कॅनाल बँकेच्या नोटा अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधीच्या, पण सह्या न झालेल्या इतक्या उरल्या, की न कापलेले अख्खे तावही सहज मिळतात. उलट १९२९ मालिकेतली, एखाद्या आडगावच्या बँकेची नोट, जिच्या चार-पाचच प्रती माहीत आहेत, ती किमतीत त्यांना कुठल्या कुठे मागे टाकते. त्याच मालिकेतली, तेवढ्याच रकमेची शिकागोतल्या मोठ्या बँकेची नोट असेल, तर छापील रकमेच्या वर थोडंफारच मिळेल. बारा हजारांहून जास्त बँकांनी नोटा काढल्या. वय विचारण्याआधी गाव विचारा.

१९२९ची नोट उजेडात धरा. शिक्का तपकिरी, डावीकडे बँकेचं नाव, गाव, राज्य, आणि कडेला उभा छापलेला काळा आकडा: हा त्या बँकेचा चार्टर नंबर, म्हणजे परवाना क्रमांक. आकड्याऐवजी ए ते एल यांपैकी अक्षर आणि ‘फेडरल रिझर्व्ह बँक’ (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतली बँक) असं नाव दिसलं, तर ती गावबँकेची नोटच नव्हे, वर ‘नॅशनल करन्सी’ लिहिलेलं असलं तरी. आणि इस्त्री फिरवून घड्या घालवू नका, हातातली किंमतही जाते.

राहिली मेसेजसोबतच्या फोटोतली नोट: बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स, हजार डॉलर, १८४०, क्रमांक ८८९४. पिवळट, कडकड वाजणाऱ्या कागदावरची ही नक्कल आहे आणि अशा नकला घराघरांत पडल्या आहेत. सगळ्यांवर क्रमांक तोच, ८८९४.