आधी सही, मग डॉक्टरकी

तीन दिवस एका केबिनबाहेरच्या बाकावर बसून आत्ताच उठलेय. हातात लॉगबुक आहे आणि त्यावर सही आहे. तेव्हा यंदा एमबीबीएसला लागलेल्या तमाम बाळांना चार अनुभवाचे बोल सुनवायला मी आता लायक झाले, असं समजायला हरकत नाही.

नीटच्या ७२० मार्कांसाठी लातुरात नाहीतर नांदेडात दोन वर्षं स्वतःला खोलीत कोंडून घेतलंत ना? छान केलंत. ती विद्या आता बासनात बांधून माळ्यावर टाका. पुढची साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, एवढ्या काळात लागतं ते काळं पेन आणि ताटकळत उभं राहायला गुडघ्यांत ताकद.

पहिल्या वर्षी गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिली डझनाने घेऊन ठेवा. हिस्टॉलॉजीच्या जर्नलमध्ये पेशी रंगवायच्या असतात. मायक्रोस्कोपमधून बघून नव्हे हो, सीनियरच्या जर्नलमधून. तिने तिच्या सीनियरच्या जर्नलमधून रंगवलेल्या असतात. आमच्या अख्ख्या बॅचच्या यकृताला एक जादा शीर आहे. फार पूर्वी कुणाच्या तरी पेन्सिलीचं टोक घसरलं असणार.

हाडांचा सेट सीनियरकडून घ्या, घासाघीस करा आणि घरी नेण्याआधी आईला सांगा.

हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते. तुमची. शिकवणाऱ्यांची विचारू नये.

ॲटकॉम नावाचा एक प्रकार असतो. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद शिकवतात. रुग्णाशी आदराने कसं बोलावं हे सांगता सांगता आमच्या वर्गातल्या एकाला ‘ए गाढवा, चालता हो’ म्हणून बाहेर काढलं होतं. तासानंतर या अनुभवातून आपण काय शिकलो याचं रिफ्लेक्शन लिहायचं असतं. घाबरू नका, ग्रुपवर पीडीएफ आहे. उतरवताना थोडा मजकूर तेवढा बदला. आमच्यातल्या सात जणांचे आजोबा एकाच रात्री, एकाच आयसीयूत, एकाच नर्सचा हात हातात घेऊन वारले.

क्लिनिकलच्या परीक्षेत पेशंटशी गोड बोला. स्वतःचं निदान त्याला पाठ असतं.

आता मुख्य विद्या, लॉगबुक. २०१९ पासून अभ्यासक्रम बदलला. नुसती घोकंपट्टी नको, प्रत्येक गोष्ट हाताने करून दाखवायची, सरांनी ती बघायची आणि मग सही करायची. ज्याला हे सुचलं त्याला माझा खरोखर नमस्कार. पानावर रकाने असतात. तारीख, पहिला प्रयत्न की पुन्हा, मग दर्जा: बी, एम किंवा ई. बी म्हणजे कमी पडलं, एम म्हणजे जमलं, ई म्हणजे फारच छान. मिळतो सगळ्यांना एमच. बी दिला तर पुन्हा शिकवावं लागतं, आणि ई दिला तर कुणीतरी म्हणायचं, बघू, करून दाखव.

माझ्या मायक्रोबायोलॉजीच्या लॉगबुकात झेडएन स्टेनसमोर एम आहे. झेडएन म्हणजे थुंकीत टीबीचा जंतू दिसावा म्हणून स्लाइडला द्यायचा रंग. कार्बोल फुक्सिन ओतायचं, खालून आच द्यायची, वाफ निघाली पाहिजे पण उकळी फुटता कामा नये. मग ॲसिडने धुवायचं, मग मिथिलीन ब्लू. निळ्यावर लाल काड्या दिसल्या की टीबी. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मी हे पाऊण मिनिटात म्हणून दाखवते. केलंय किती वेळा? एकदाही नाही. पंचवीस जणांत एक बर्नर होता आणि माझी पाळी येईपर्यंत फुक्सिन संपलं होतं. लॅबमधले मामा म्हणाले, ‘मॅडम, फोकस लावून ठेवलीय एक, तीच बघून घ्या.’ बघितली. लाल काहीतरी होतं.

‘सर, आमची सहा जणांची राहिलीय.’

‘नंतर घेऊ.’

हे नंतर उगवलं गेल्या सोमवारी. एका बैठकीत चाळीस सह्या झाल्या. तारखा आम्हीच टाकल्या होत्या. त्यातली एक चक्क दिवाळीच्या सुट्टीतली, ती कुणाला खटकली नाही. खटकलं ते माझं पेन. निळं होतं. ‘काळ्याने लिहून आण, नाहीतर मी सही करणार नाही.’ रात्री बसून सगळ्या ओळी पुन्हा काळ्याने लिहिल्या. सकाळी सर मीटिंगला. दुपारी सर इन्स्पेक्शनच्या गडबडीत. दुसऱ्या दिवशी सर आत होते, पण आत जायचं नव्हतं. त्याच सकाळी वॉर्डात एका बाईच्या छातीतलं पाणी काढलं. पोस्टिंगच्या यादीत माझं नाव होतं आणि मी बाकावर होते.

बास झाली थट्टा. सर, जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०२५ पर्यंत टीबी संपवणार असं आपण जाहीर केलं होतं. आणि जिने एक स्लाइड रंगवलेली नाही तिला तुम्ही ‘जमतं’ म्हणून लिहून देता? उद्या सरकारी सेवेच्या बाँडवर मला कुठल्यातरी प्राथमिक आरोग्य केंद्रात टाकतील. तिथे टेक्निशियन असतो, तो बघेल, असं म्हणाल. मग हा रकाना छापलात कशाला? बाटलीभर फुक्सिन आणि पंधरा मिनिटं, एवढंच लागत होतं. तेवढा वेळ तुमच्याकडे नव्हता, पेनाचा रंग बघायला होता.

आणि आम्ही तरी काय दिवे लावले? खोट्या तारखा आमच्याच अक्षरात आहेत. सहा जणांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही की सही राहू द्या, आधी स्लाइड करू द्या. माझ्याही नाही. मी तर ‘थँक यू सर’ म्हणून दार हळू लावून घेतलं.

लॉगबुक आता जमा होईल. झेडएन राहिलीय. लॅबमध्ये फुक्सिन आलं असेल तर कुणीतरी कळवा.