झाकण म्हणजे टेबल नव्हे!

बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यावर सामान रचायची ही कसली खोड? कुंड्या, विटा, रंगाचे डबे, आणि आता तर बल्ब बदलायला माणूसच वर चढला! अहो, झाकण पातळ प्लास्टिकचं आहे. आधार फक्त कडांना आणि मागच्या बिजागरीला, मध्ये सगळं पोकळ. त्यात उन्हानं ते ठिसूळ होतं. बिजागरीपाशी पांढरट रेघ उमटली की समजा, तुटायला आलंच! वर ऐकवतात, २४० लिटरच्या डब्याला ९६ किलो चालतात. ते आतल्या कचऱ्याचं वजन हो, झाकणावरचं नाही! पाऊस, माश्या, उंदीर अडवायचे एवढंच त्याचं काम. ते मोडल्यावर डबाभर पाणी साचतं, घाण वास सुटतो, तो कोणी सोसायचा? उतरवा ते सगळं, आत्ताच्या आत्ता!