घाबरलेल्या रुग्णाचा होकार खोटा नसतो

‘कोविडच्या साथीत ज्या रुग्णांनी औषधांच्या चाचण्यांना होकार दिला किंवा बरे झाल्यावर प्लाझ्मा दिला, ते भीतीने भांबावलेले होते, त्यांना काही कळत नव्हते, काहींना पैशाचा मोह होता, आणि प्लाझ्मा निरुपयोगी ठरल्याने त्यांचा सगळा खटाटोप फुकट गेला,’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवरून अजूनही फिरतो. कळवळ्याच्या सुरात लिहिलेला असल्यामुळे तो चटकन पटतो. मी स्वतः २०२० साली या आजारातून उठलो आणि प्लाझ्माही दिला (बरे झालेल्याच्या रक्तातील हा द्रव भाग, त्यातल्या प्रतिपिंडांचा उपयोग होईल या आशेने, आजारी माणसाला देत), म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

भीती होती, यात वाद नाही. परंतु घाबरलेल्या माणसाचा निर्णय हा निर्णयच नव्हे असे मानायचे, तर शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री संमतिपत्रावर केलेली प्रत्येक सही रद्द करावी लागेल. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात देशातील ३९ रुग्णालयांत प्लाझ्माची ‘प्लॅसिड’ चाचणी घेतली. तिच्यातले ४६४ रुग्ण मध्यम स्वरूपाच्या आजाराचे होते. त्यांना धाप लागत होती, ऑक्सिजन कमी पडत होता, पण ते अत्यवस्थ नव्हते. अशा माणसाच्या मनात ‘मी वाचावे’ आणि ‘माझ्यामुळे पुढच्याचे काही भले व्हावे’ या दोन्ही इच्छा एकाच वेळी असू शकतात, आणि पहिली आहे म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

‘त्यांना काही कळत नव्हते’ हे विधान अधिक गंभीर आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. २०१९च्या नव्या औषधांच्या व चाचण्यांच्या नियमांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते, तिला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो, उपचारांवर परिणाम न होता केव्हाही बाहेर पडता येते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई द्यावी लागते. मात्र नियम कागदावर असणे आणि पीपीई किटमधून, चष्म्यावर वाफ धरलेली असताना, डॉक्टरने तीच माहिती खाटेजवळ उभे राहून शांतपणे समजावून सांगणे, यात मोठे अंतर असते. लसीच्या चाचणीत आपल्याला पुरेशी माहिती न देता सामील करून घेतले, अशी तक्रार भोपाळमधील वायुपीडित वस्त्यांतील काही लोकांनी जानेवारी २०२१मध्ये जाहीरपणे केली होती. अशा तक्रारींची कसून चौकशी व्हायलाच हवी. पण काही ठिकाणी संमती नीट घेतली गेली नाही, एवढ्यावरून होकार देणारे सगळेच अजाण होते असा निष्कर्ष काढणे हा त्या रुग्णांचा अपमान आहे.

पैशाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. रक्ताची विक्री आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९८पासून बंद आहे. कर्नाटक सरकारने प्लाझ्मादात्यांना ५,००० रुपये जाहीर केले होते, हे खरे. पण नुकत्याच उठलेल्या माणसाला पुन्हा रुग्णालयाची पायरी चढायला लावण्यास तेवढे पुरते, असे मला वाटत नाही. बरे होऊन २८ दिवस उलटल्यावर मी गेलो, तेव्हा घरचे नकोच म्हणत होते. एका हातातून रक्त यंत्रात जायचे, प्लाझ्मा वेगळा काढला जायचा आणि उरलेले रक्त परत शरीरात यायचे. थोड्या वेळाने ओठांना मुंग्या येऊ लागल्या. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या द्रवाने कॅल्शियम घटते, असे सांगून परिचारिकेने गोळी चघळायला दिली. छातीत धडधड होती, आणि तरीही उठून जावेसे वाटले नाही.

राहिला ‘फुकट गेले’ हा आरोप. प्लॅसिडमध्ये प्लाझ्मा मिळालेल्या २३५ रुग्णांपैकी ४४ जणांचा आजार बळावला किंवा ते दगावले. प्लाझ्मा न मिळालेल्या २२९ जणांत ही संख्या ४१ होती. म्हणजे फायदा दिसला नाही, आणि हे कळले ते त्या २२९ जणांमुळे, ज्यांनी आपल्याला प्लाझ्मा कदाचित मिळणारच नाही हे स्वीकारून सही केली. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीतही प्लाझ्मा निष्फळ ठरला. पण त्याच चाचणीतील रुग्णांमुळे जून २०२०मध्ये समजले की डेक्सामेथासोनसारखे स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते.

ज्या ताणाचा त्या मजकुरात उल्लेखही नाही, तो चाचणीच्या बाहेर होता. प्लॅसिडचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२०मध्ये प्रसिद्ध झाला, तरी प्लाझ्मा उपचारांच्या अधिकृत सूचनांतून वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी. मधल्या एप्रिलमध्ये नातेवाईक हातात प्लाझ्मासाठीची डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वणवण करत होते. मला रात्री दीड वाजताही फोन येत. बरे होऊन आठ महिने उलटून गेल्यामुळे माझा प्लाझ्मा घेतला जाणार नव्हता, आणि पलीकडे रडणाऱ्या माणसाला तेच पुन्हापुन्हा सांगावे लागे. प्लाझ्मा देताना माझ्याकडून तीन ठिकाणी सह्या घेतल्या होत्या; माझा फोन क्रमांक गटागटांतून फिरवण्यापूर्वी मात्र मला कोणी काहीच विचारले नव्हते.