‘फोटो अपलोड झाला नाही, ८० रुपये पाण्यात’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत की आयबीपीएसच्या, म्हणजे बँक भरतीच्या परीक्षेच्या, फॉर्मसाठी आमच्याकडे फोटो लहान करून घेतला, तो साइटने घेतला नाही, दिसायलाही पुसट होता, आणि ‘दोन मिनिटांच्या कामाला ८० रुपये लुटले’. ऐन मुदतीच्या तोंडावर तुमची धावपळ झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण ‘लुटले’ हा शब्द लागला. पेठेत आमची निम्मी गिऱ्हाइकं परीक्षा देणारी मुलंमुली आहेत आणि दुकानाची पायरी चढण्याआधी ती हेच वाचतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये फाइलचं नाव दिसतंय. सुरुवातीला ‘आयएमजी’, शेवटी ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे. असं नाव व्हॉट्सॲप देतं, आम्ही देत नाही. आमची फाइल तुमच्या ईमेलवर आहे, ती ४१ केबीची आहे. साइटवर चढवलेली ११ केबीची दिसतेय. आयबीपीएसला फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतो. म्हणजे साइटने परत पाठवली ती फाइल आमच्या दुकानातून गेलेली नाही. मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवून तिच्या लॅपटॉपवरून फॉर्म भरला, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की ते तो पुन्हा दाबतं, म्हणजे कॉम्प्रेस करून फाइल हलकी करतं. मोठा असेल तर पिक्सेलही कमी करतं. फॉर्मचा फोटो आधीच इवलासा, त्यामुळे पिक्सेल तेवढेच राहतात आणि फक्त केबी घसरतात. म्हणून फोल्डरमध्ये माप बरोबर दिसतं आणि साइट तरी नाही म्हणते. एचडी निवडलं तरी दाबणं पूर्ण टळत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच फाइल जशीच्या तशी पोचते, नाहीतर सरळ ईमेलवरून उतरवून घ्यावी. ‘फाइल ईमेलवर टाकलीय, तिथूनच चढवा’ असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होतात.

आता दोन मिनिटांचं काम. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३०००, सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल. फॉर्मला लागतात ४६ हजार. आधी २० ला २३ या प्रमाणात क्रॉप करावं लागतं, नाहीतर थेट आकडे टाकले की चेहरा आडवा फुगतो किंवा उभा ताणला जातो. त्यानंतर पिक्सेल कमी करायचे आणि सगळ्यात शेवटी सेव्ह करताना क्वालिटी ठरवायची, ती कमी केली की केबी कमी होतात. सगळे घाबरतात ५० केबीच्या वरच्या मर्यादेला, पण एवढ्या लहान फोटोत खरी अडचण खालच्या २० ची असते. मागे साधी पांढरी भिंत असेल तर ८० टक्के क्वालिटीला फाइल १०-१२ केबीवर येते. म्हणून आम्ही क्वालिटी जवळजवळ पूर्ण ठेवतो. आयफोनचा एचईआयसी फोटो असेल तर जेपीजीत बदलावा लागतो. नुसतं नावापुढचं एक्स्टेन्शन बदलून फाइल बदलत नाही, तरी रोज कोणीतरी तसं करून आणतंच.

दुसऱ्या दुकानात ‘लगेच करून दिलं’ म्हणता, त्यावर काही बोलत नाही. पण ११ केबीची फाइल जास्त क्वालिटीला पुन्हा सेव्ह केली की केबी वाढतात. गेलेले बारकावे मात्र परत येत नाहीत. साइट घेते, कारण साइट केबी मोजते.

पुसट दिसण्याबद्दल : २३० पिक्सेल उंचीचा फोटो लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीनभर उघडला तर तो चौपटीहून जास्त ताणला जातो. कोणाचाही पुसटच दिसेल. १०० टक्क्यांवर बघा, फॉर्मच्या चौकटीत तो तेवढाच दिसणार आहे.

८० रुपये एका फोटोचे नव्हते. फाइली चार, प्रत्येकी २० रुपये, दरपत्रक भिंतीवर आहे. फोटो, सही, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेलं घोषणापत्र. चारही मापं वेगळी. ठसा २४० बाय २४०, २० ते ५० केबी. घोषणापत्र ८०० बाय ४००, ५० ते १०० केबी. सहीचं सगळ्यात किचकट : १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. कागद पार पांढराशुभ्र केला तर सही देखणी दिसते आणि फाइल १० केबीच्या खाली जाते, म्हणून कागदाचा पोत थोडा राहू द्यावा लागतो. तुमच्या सहीची पार्श्वभूमी ‘मळकट’ वाटली असं लिहिलंय, ती त्यासाठीच तशी ठेवली होती. आणि घोषणापत्र तुम्ही आधी कॅपिटल अक्षरांत लिहिलं होतं. ते चालत नाही, म्हणून पुन्हा लिहायला सांगितलं आणि दुसऱ्यांदा स्कॅन केलं. त्याचे पैसे घेतले नाहीत, कागदही आमचाच होता. हे रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

तरीही तुमचं म्हणणं मनावर घेतलं आहे. काउंटरवर ‘व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका’ अशी पाटी लावतोय, गर्दीच्या दिवसांत समजावून सांगायला आणखी कोणाला बसवता येईल का तेही बघतो. तुमच्या चारही फाइली ईमेलवर आहेत. आमच्या कॉम्प्युटरवरून गिऱ्हाइकांचे फोटो आणि सह्या आठवड्याने काढून टाकतो, त्यामुळे ते मेल डिलीट करू नका. पुढच्या फॉर्मला दुसरं माप लागलं तर मोबाइलमधला मूळ फोटो केबलने किंवा पेन ड्राइव्हवर आणा, आकार बदलून देऊ, पैसे नकोत. फक्त शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी या.