रॅलीसाठी गाडी खाली बसवायची का? एक खुलासा

‘रॅलीला उतरायचंय? स्प्रिंगची कॉइल कापून गाडी खाली बसवा आणि पुढे मिळेल तितका कडक अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) टाका,’ असा सल्ला नवशिक्यांमध्ये फिरतोय. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी, तेही मातीच्या रस्त्यावर, तो चुकीचा आहे. कॉइल कापणं तर सरळ धोक्याचं. गाडी हवेत उडाली, चाक खाली लोंबलं, की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते.

या गाड्यांचं साधारण साठ टक्के वजन पुढे असतं. वळवणं आणि ओढणं, दोन्ही कामं त्याच दोन टायरांवर. पुढचा बार फार कडक केला की वळणात आतलं चाक हलकं होतं, जागेवर फिरतं आणि गाडी सरळ बाहेर जाते. म्हणून पुढची बाजू त्या मानाने मऊ आणि मागची थोडी कडक ठेवतात. मग शेपूट फिरते आणि नाक वळणात शिरतं.

डांबरावर खाली बसवलेली, कडक गाडी चालते. बहुधा सल्ला तिथूनच आला. मातीत मात्र उंची आणि चाकाची वरखाली हालचाल लागतेच. ती पुरते का, हे पाहायला शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर प्लास्टिकची झिप टाय घट्ट आवळा आणि एक फेरी मारा. टाय सरकून थेट बंप स्टॉपपाशी (दांड्याच्या शेवटी असलेल्या रबरी अडसरापाशी) गेली असेल, तर उंची किंवा डँपिंग (शॉकअपचा हालचालीला होणारा विरोध) वाढवा. आणि कृपा करून एका वेळी एकच बदल करा.