बँकॉकची संकष्टी

बँकॉकमधल्या आमच्या पहिल्याच सकाळी, सहा वाजता, आईने खोलीचं दार वाजवलं आणि विचारलं, "आज चंद्रोदय किती वाजता रे?"

तिकिटं काढताना मी पावसाळा पाहिला होता, बाट या थाई चलनाचा भाव पाहिला होता, हॉटेलात गरम पाणी येतं का तेही विचारलं होतं. तिथी पाहायची राहिली. आईकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो होता. पुण्याचा चंद्रोदय ९.१२. इथलं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे पावणेअकरा. मी म्हटलं, अगं, आपण पूर्वेला आलोय, इथे चंद्र आधी उगवेल. "मला भूगोल नको शिकवूस, तीस वर्षं मी तोच शिकवलाय," ती म्हणाली. "दिसेल तेव्हा सोडीन. पण दिसला पाहिजे."

हे ऐकताच बायको आणि मुलगी मॉल बघायला निघून गेल्या. माझ्या पदरात आई, तिचा उपास आणि शहर.

राजवाड्याच्या अलीकडे एका रिक्षावाल्याने "आज राजवाडा बंद" म्हणून आम्हाला रत्नांच्या दुकानात न्यायची तयारी दाखवली. आईने त्याच्याकडे जे पाहिलं, ते सातवी 'ब'ने तीस वर्षं पाहिलंय. तो गेला. दारावर मात्र माझी थ्री-फोर्थ अडली. गुडघे झाकल्याशिवाय प्रवेश नाही. समोरच्या दुकानातून हत्ती छापलेला लेंगा घेतला आणि माणशी ५०० बाट मोजून आत गेलो. गणपतीच्या दिवशी अंगावर चाळीसेक हत्ती, याचं आईला बरं वाटलं.

आतल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर त्यांचं रामायण, रामकियन, रंगवलेलं आहे. शुभ्र हनुमान बघून आईने हात जोडले. तिथेच थांबायचं सोडून मी मोबाइलवर वाचलेलं ज्ञान पाजळलं: इथला मारुती ब्रह्मचारी नाही. सेतूचे दगड पळवणाऱ्या सुवर्णमच्छेवर, म्हणजे रावणाच्या मत्स्यकन्येवरच, त्याचं मन बसतं, आणि त्यांना मुलगाही होतो.

"मकरध्वज घामाच्या थेंबातून झाला," आई म्हणाली. विषय संपला. आणि त्या उकाड्यात माझ्या कोपरावरून जे टपकत होतं, ते पाहता मलाही घामाची कथा पटायला लागली होती.

वाट फोमधला (वाट म्हणजे मंदिर) पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. आईने तो डोक्यापासून पायांपर्यंत चालत पाहिला, तळव्यांवरची शिंपल्यांची १०८ शुभचिन्हं बघितली आणि म्हणाली, "कसा निवांत पडलाय. नाहीतर आपण." मागच्या १०८ भांड्यांत तिने एकेक नाणं टाकलं. एकशेपाचव्या भांड्याशी नाणी संपली. उरलेल्या तिघांसाठी मला परत रांगेत धाडलं.

खरा प्रसंग घडला तो धक्क्याजवळच्या बाजारात. एका मावशींच्या गाडीवर वाफेच्या भांड्यात चकचकीत पांढरे गोळे मांडलेले. आई थबकली.

"अरे, साबुदाणा!"

होताच. आपल्याकडे सेलमहून येतो तोच साबुदाणा, इकडे तर टॅपिओकाचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, आगरच. आईने चष्मा पुसून पंचनामा केला. आत डोकावणारं दाण्याचं कूट. बाजूला कोथिंबीर. हिरव्या मिरच्या. चार साक्षीदार एकाच ताटलीत. "वडाच की हा, फक्त न तळलेला," ती म्हणाली आणि परदेशाविषयी तिचं मत पहिल्यांदाच सुधारताना मी पाहिलं. कोथिंबीर आमच्याकडे उपासाला चालते. (माझ्या मावशीकडे चालत नाही. त्यावरून एकदा बोलणं बंद झालं होतं.)

मी नाव विचारलं. "साकू साय मू."

साकू म्हणजे साबुदाणा, साय म्हणजे सारण. मू? मावशींनी नाकाचा शेंडा बोटाने वर दाबला आणि घशातून असा काही हुबेहूब आवाज काढला की भाषांतराची गरज उरली नाही.

आई पाच मिनिटं काही बोलली नाही. मग, "साबुदाण्यात?" एवढंच.

शेजारच्या गाडीवर रताळ्याच्या पिठाचे सोनेरी गोळे तळत होते. रताळं, टॅपिओकाचं पीठ, साखर. उपासाला याहून सोवळं काय असणार? पण माझी जीभ. "खाय नोक क्रथा" या नावाचा अर्थ मी मोबाइलवर शोधला आणि मोठ्याने वाचला: लाव्याची अंडी.

"दिसतात तशी, म्हणून नाव," मी म्हटलं. "बटाटेवड्यात वड असतो का?"

"संकष्टीला अंडी नकोत. नावाचीही नकोत."

पिशवी माझ्या हातात राहिली. तिने दोन शहाळी आणि एक पेरू यांवर वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या चढून दाखवल्या. मी खाली सावलीत अंडी खात बसलो.

साडेआठपासून साथोर्नच्या धक्क्यावर आम्ही आभाळाकडे बघत होतो. ढग. सव्वानऊला मी हात टेकले आणि तिला स्काय ट्रेनच्या फलाटावर नेलं. आणि तिथे, दोन टोलेजंग इमारतींच्या फटीत, तो. तांबूस, एका बाजूने झिजलेला. आईने नमस्कार केला, पर्समधून पुण्याचा बेसनलाडू काढला, तोंडाशी नेला.

शिट्टी वाजली. फलाटावर खायला बंदी आहे. रखवालदार हातांची फुली करून उभा. मी वर बोट केलं, "फ्रा चान!" चंद्राला ते हेच म्हणतात. त्याने मान वर करून चंद्र नीट पाहिला, कौतुकाने मान हलवली आणि पाटीकडे बोट दाखवलं.

जिने उतरून रस्त्यावर आलो तर चंद्र इमारतीमागे गेलेला.

"दिसला होता ना? झालं तर," म्हणत आईने उभ्याउभ्या लाडू संपवला. मग माझ्या हातातल्या तेलकट पिशवीकडे बघत, आजूबाजूला कुणाला मराठी येत असेल याची तमा न बाळगता, खणखणीत आवाजात विचारलं,

"त्या अंड्यांतली उरलीत का रे दोन-चार?"